साफ आवाज, फाटका आवाज आणि मधली जागा

गिटारच्या ॲम्प्लिफायरला पायाने दाबायचं एक बटण असतं. एकदा दाबलं की आवाज साफ येतो, सहाही तारा वेगवेगळ्या ऐकू येतात. पुन्हा दाबलं की तीच गिटार गुरगुरू लागते. वाजवणारे पहिल्याला ‘क्लीन चॅनेल’ म्हणतात, दुसऱ्याला ‘ड्राइव्ह’ किंवा ‘डिस्टॉर्शन’. या लेखात त्या बटणाचा इतिहास सांगायचा आहे. नेमकं सांगायचं तर, त्या बटणाच्या दोन बाजूंमध्ये जी जागा सुटून गेली ती भरून काढण्यासाठी लोकांनी काय काय खटाटोप केले, त्याचा.

हा विषय इथं का, असं नेहमीचे वाचक विचारतील. माझं उत्तर असं की, एखादा दोष गुण कसा होतो हे तंत्राच्या इतिहासात इतक्या उघडपणे क्वचितच दिसतं. ज्यांच्या हातून ते घडलं त्यांची नावंही इतक्या शांतपणे क्वचितच गाळली जातात.

आधी शब्दांचं बघू. ‘क्लीन’ला शुद्ध आणि दुसऱ्याला अशुद्ध किंवा विकृत म्हणणं सोपं आहे. मी ते करणार नाही. ‘शुद्धी’ या शब्दाचा आपल्या भाषेतला प्रवास ज्याला ठाऊक आहे तो हा शब्द जपून वापरतो. शिवाय लोकांच्या तोंडी चांगले शब्द आहेतच. उरुसात कव्वाली रंगात आली आणि भोंगा खरखरू लागला की कुणीतरी ओरडतं, ‘‘आवाज फाटतोय!’’ मग मंडपवाला मशिनचा कान जरा मागे पिळतो. तेव्हा साफ आवाज आणि फाटका आवाज. यातला ‘साफ’ अरबीतून आला, ‘आवाज’ फार्सीतून आणि ‘फाटका’ अस्सल इथला. तिघं एकत्र नांदतात, कुणाला खटकत नाही.

आवाज फाटतो म्हणजे काय

जुन्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असायचे. गिटारच्या ॲम्पमध्ये ते आजही असतात. अमेरिकेच्या ली डी फॉरेस्टने १९०६ साली तीन टोकांचा व्हॉल्व्ह काढला आणि लहान विद्युतलाट मोठी करता येऊ लागली. मात्र व्हॉल्व्हला मर्यादा असते. ठरावीक उंचीच्या पलीकडे तो लाट नेऊ शकत नाही. गिटारची तार जोरात छेडली, तर लाटेचं डोकं छताला लागतं आणि सपाट होतं. गोल लाट अशी चपटी झाली की मूळ स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर नव्याने जन्माला येतात. तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या स्वयंभू स्वरांच्या जातीचेच हे. कान त्यांना खरखर म्हणून ऐकतो, भरीवपणा म्हणूनही ऐकतो.

इथं तंबोऱ्याची आठवण येणं साहजिक आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली एक बारीक दोरा सरकवतात. दोरा केसभर इकडेतिकडे झाला की तार नुसती टणटणते किंवा नुसती खरखरते. मधल्या एका जागी मात्र ती उघडते आणि गाऊ लागते. त्यालाच जवारी लागणं म्हणतात. मिरजेच्या सतारमेकर घराण्यांनी ही कला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सांभाळली. त्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे कारागीर. फरीदसाहेबांपासून ही परंपरा सांगितली जाते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. साफ टणत्कार आणि खरखर यांच्या मधली जागा शोधणं हेच ज्यांचं पिढ्यानपिढ्यांचं काम आहे, अशी माणसं आपल्या शेजारीच राहतात, म्हणून हा उल्लेख.

फरक एवढाच की तंबोऱ्याच्या चार तारांची जवारी वेगवेगळी असते. एकीची खरखर दुसरीत मिसळत नाही. गिटारच्या सहाही तारा मात्र एकाच व्हॉल्व्हच्या दारातून जातात, आणि पुढच्या साऱ्या कटकटीचं मूळ इथंच आहे. दोन स्वर एकत्र फाटले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वरही तयार होतात. षड्ज ४०० कंपनांचा धरला आणि पंचम ६०० चा, तर वजाबाकी २००. म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज. छान. म्हणूनच रॉकवाले फाटक्या आवाजात षड्ज-पंचमाची जोडी धरून बसतात. त्यांच्या भाषेत तो ‘पॉवर कॉर्ड’. पण गांधार मिसळा. गिटारच्या पडद्यांवरचा गांधार पेटीसारखाच थोडा चढा असतो, ५०० ऐवजी सुमारे ५०४. वजाबाकी १०० यायला हवी, येते १०४. हा बेसूर स्वर कुणीही छेडलेला नसतो, तरी तो ऐकू येतो. भरगच्च कॉर्ड फाटक्या आवाजात चिखल का होते, त्याचं हे कारण.

एकल सुरावट फाटक्या आवाजात लांबते, गाते. साथीच्या कॉर्ड मात्र साफ आवाजात लागतात. एकाच गाण्यात दोन्ही हवं असतं. दोन चॅनेलची गरज ही अशी तयार झाली.

मेम्फिसकडे जाणारी गाडी

पण हे सगळं नंतर कळलं. आधी फाटणं हा निव्वळ बिघाड होता. बाजारात चाललेली पहिली विजेची गिटार रिकनबॅकर कंपनीची. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेली, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती ती. चार्ली ख्रिश्चनने १९३९ साली बेनी गुडमनच्या जॅझ मंडळीत विजेची गिटार पुढे आणून बसवली. तेव्हा ॲम्प करणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरचं ध्येय एकच होतं: आवाज मोठा करा, पण बदलू नका.

मार्च १९५१. मिसिसिपीच्या क्लार्क्सडेलहून काही काळे तरुण रेकॉर्डिंगसाठी मेम्फिसला निघाले. म्होरक्या आइक टर्नर, वय १९. गिटारवादक विली किझार्ट. वाटेत किझार्टचा ॲम्प बिघडला. कुणी सांगतं गाडीवरून पडला, कुणी सांगतं पावसात भिजला. स्टुडिओ सॅम फिलिप्सचा. त्याने स्पीकरच्या फाटलेल्या कागदी शंकूत कागद कोंबला आणि ऐकून ठरवलं की राहू द्या असंच. ‘रॉकेट ८८’ ही ती ध्वनिमुद्रिका. शिकागोच्या चेस कंपनीने ती बाजारात आणली आणि कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीत ती पहिल्या क्रमांकावर गेली. तबकडीवर नाव छापलं गेलं गायक जॅकी ब्रेन्स्टन आणि ‘डेल्टा कॅट्स’ या मंडळाचं. टर्नरच्या मंडळाचं नाव दुसरंच होतं. किझार्टचं नाव तर जाणकारांपलीकडे आजही कुणाला ठाऊक नाही.

त्याच वर्षी त्याच शहरात हाउलिन वुल्फच्या मागे विली जॉन्सन असाच फाटका आवाज काढत होता आणि तोही मुद्दाम. १९५४ मध्ये पॅट हेअर होता. स्वस्तातले लहान ॲम्प, गोंगाटाचे अड्डे आणि ऐकू यावं म्हणून शेवटपर्यंत फिरवलेलं बटण. हा आवाज गरिबीतून आला, पण त्याला ‘गरिबांची मजबुरी’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. बिघडलेला ॲम्प पुष्कळांकडे होता. त्यात संगीत ऐकण्याचा कान या मोजक्या लोकांकडे होता.

पुढची कहाणी जास्त प्रसिद्ध आहे, म्हणून भराभर सांगतो. १९५८ मध्ये लिंक रेने स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली आणि ‘रंबल’ वाजवलं. एक शब्द नसलेल्या या वाद्यसंगीतावर काही शहरांतल्या रेडिओंनी बंदी घातली. १९६४ मध्ये लंडनच्या ‘किंक्स’ मंडळातल्या डेव्ह डेव्हिसने छोट्या एल्पिको ॲम्पचा स्पीकर ब्लेडने कापला आणि तो आवाज मोठ्या व्हॉक्स ॲम्पमधून बाहेर काढला. नॅशव्हिलमध्ये तर मिश्रणयंत्राची एक वाहिनीच बिघडली होती. मार्टी रॉबिन्सच्या १९६१ च्या ‘डोन्ट वरी’ या गाण्यात ग्रेडी मार्टिनचा सहा तारांचा बास तिच्यातून गेला आणि मधमाशीसारखा गुणगुणला. लोकांना तो आवडला. इंजिनिअर ग्लेन स्नॉडीने मग तोच बिघाड पेटीत बंद करता येईल असं सर्किट बनवायला घेतलं. १९६२ साली गिब्सन कंपनीने ते ‘मायस्ट्रो फझ-टोन’ नावाने विकायला काढलं. फारसं खपेना. १९६५ मध्ये कीथ रिचर्ड्सने ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये ते वाजवलं आणि दुकानांतला माल संपला.

अकरा वर्षांत बिघाड दुकानात आला, किमतीच्या चिठ्ठीसह. या पेटीला पायाने दाबायचं बटण होतं. चालू किंवा बंद, मधलं काही नाही.

चॅनेल मुळात कुणासाठी

ॲम्पवरची दोन चॅनेल दोन आवाजांसाठी बनलेलीच नव्हती. ती दोन माणसांसाठी होती. कॅलिफोर्नियात फुलर्टन गावी लिओ फेंडर १९४० च्या दशकात ॲम्प करू लागला, तेव्हा एकाच यंत्रात गिटारवाला आणि गाणारा दोघांनी आपापली वायर खुपसावी, असा हिशेब होता. काही ॲम्पवर एका छिद्राखाली ‘इन्स्ट्रुमेंट’ आणि दुसऱ्याखाली ‘मायक्रोफोन’ असं लिहिलेलंही असे. प्रत्येकाला आपापलं आवाजाचं बटण. लहान गावातल्या मंडळींना दोन ॲम्प परवडत नसत. एकाच पंक्तीत बसावं तसं दोघं एका ॲम्पवर बसत.

फेंडरच्या छोट्या ‘डीलक्स’ ॲम्पमध्ये याची एक गंमत आहे. दोन्ही चॅनेलची बटणं आतून अशी जोडलेली आहेत की, ज्या चॅनेलमध्ये वायर नाही त्याचं बटण फिरवलं तरी दुसऱ्याचा आवाज बदलतो. कधी पातळ होतो, कधी फाटू लागतो. रिकामं चॅनेल भरलेल्या चॅनेलवर परिणाम करतं. हा आरेखनातला काटकसरीचा भाग, पण वादकांनी तेही वाद्य म्हणून वापरलं. नील यंगचा १९५९ चा डीलक्स त्यापैकी एक. त्याच्याकडे शेवटी यायचंच आहे.

लंडनच्या हॅनवेल भागात ढोलांचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शलने केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन या सहकाऱ्यांसह फेंडरच्या ‘बासमन’ ॲम्पची जवळपास नक्कल केली. हाच जेटीएम ४५. त्यालाही दोन चॅनेल आणि चार छिद्रं होती. एक चॅनेल तीव्र, दुसरं भरड. आता दोन माणसांनी वायरी खुपसायच्या ऐवजी एकाच माणसाने काय केलं? गिटारची वायर पहिल्या चॅनेलच्या एका छिद्रात घातली आणि त्याच चॅनेलच्या दुसऱ्या छिद्रातून वीतभर लांबीची वायर दुसऱ्या चॅनेलमध्ये नेली. ‘जंपर’ म्हणतात तिला. एका बटणाने धार वाढवा, दुसऱ्याने भरावा. दोन चॅनेल एकमेकांत मिसळण्याची ही पहिली सर्वत्र पसरलेली युक्ती. खर्च म्हणाल तर वीतभर वायर.

(इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एक इशारा. मार्शलच्या ॲम्पना ‘१९५९’ आणि ‘१९६२’ अशी नावं आहेत. ते मॉडेलचे क्रमांक आहेत, साल नव्हे. एरिक क्लॅप्टनने जॉन मायॉलसोबतच्या १९६६ च्या अल्बमवर वाजवलेला ॲम्प ‘१९६२’ होता आणि तो १९६२ साली बनलेला नव्हता.)

त्या अल्बमच्या वेळी क्लॅप्टनने स्टुडिओत ॲम्प चढ्या आवाजात ठेवण्याचा हट्ट धरला. कारण तेव्हाचा ॲम्प कर्कश मोठा केल्याशिवाय गोड फाटत नसे. अशा ॲम्पला बटण नकोच होतं. गिटारवरचं आवाजाचं बटण थोडं मागे घेतलं किंवा तार हलक्या हाताने छेडली की आवाज निवळे, जोर लावला की फाटे. साफ आणि फाटक्याच्या मध्ये भिंत नव्हती, उतार होता. जिमी हेंड्रिक्सच्या ‘फझ फेस’ या गोल तबकडीसारख्या पेटीचंही तसंच: गिटारचं बटण जरा मागे घ्या, पेटी चालू असूनही आवाज जवळजवळ साफ होतो. मनगट आणि करंगळी एवढंच यंत्र. साठच्या दशकातल्या वादकांकडे मधली जागा होती. ती नंतर हरवली, हा माझ्या लेखाचा मुद्दा आहे.

पायाखालचं बटण

ती हरवण्याची कारणंही चांगलीच होती. शंभर वॅटचा ॲम्प शेवटपर्यंत फिरवायला प्रत्येकाकडे मैदान नसतं. मार्शलने १९७५ मध्ये ‘मास्टर व्हॉल्यूम’ आणलं. आधीच्या व्हॉल्व्हमध्ये लाट फाडायची आणि नंतर एका वेगळ्या बटणाने तिचा आवाज कमी करायचा. फाटका आवाज शेजाऱ्यांना सोसेल एवढा झाला. पण त्या फाटण्याला आता ठरावीक मुक्काम मिळाला.

त्याच्या आधीच कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ नावाचा ॲम्पदुरुस्तीवाला कामाला लागला होता. फेंडरच्या एका चिमुकल्या ‘प्रिन्स्टन’ ॲम्पमध्ये त्याने मोठं सर्किट आणि बारा इंची स्पीकर कोंबला. गंमत म्हणून केलेलं हे काम कार्लोस सान्तानाला आवडलं आणि त्यातून ‘मेसा बूगी’ कंपनी उभी राहिली. स्मिथची खरी करामत पुढची: एका व्हॉल्व्हने मोठी केलेली लाट दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, प्रत्येकाच्या मध्ये एक बटण. धरणामागून धरण. फाटक्या आवाजाची मात्रा आता हवी तेवढी वाढवता येऊ लागली. त्याच्या पहिल्या ॲम्पला दोन छिद्रं होती, एक साफ आणि एक फाटक्या आवाजाचं. बदलायचं तर वायर काढून दुसरीकडे घालायची. सत्तरचं दशक संपता संपता आलेल्या ‘मार्क टू’मध्ये ते काम पायाने होऊ लागलं. मार्शलने १९८२ मध्ये आपले दोन चॅनेलचे ॲम्प काढले. त्यानंतर ही रीतच पडली.

सोय मोठी झाली. पण ज्या ॲम्पमध्ये फाटका आवाज तीन-चार पायऱ्यांनी बनतो, तिथं गिटारचं बटण मागे घेऊन आवाज पुरता निवळत नाही. नुसता मलूल होतो. म्हणजे उतार गेला आणि त्या जागी दोन खोल्या आल्या. एकीतून दुसरीत जाताना खट्ट असा आवाज यायचा तो वेगळाच.

त्या खट्टावरचा उपाय मात्र मला फार आवडतो. प्रकाश पडला की विजेला वाट देणारा आणि अंधारात वाट अडवणारा एक रोधक असतो. त्याच्यासमोर इवलासा दिवा ठेवून दोघांना काळ्या डबीत बंद करायचं. पाय दाबला की दिवा लागतो आणि चॅनेलचं दार उघडतं. दिवा विझला तरी रोधकाला अंधाराची सवय व्हायला सेकंदाचा लहानसा भाग लागतो. म्हणून दार आपटत नाही, लोटलं जातं. मेसाच्या ॲम्पमध्ये या डब्या असत. एक चॅनेल मावळताना दुसरं उगवतं, पण हा संधिप्रकाश इतका अल्प की त्यात राहता येत नाही.

दोघांना एकत्र आणताना

मग दोन्ही चॅनेल एकदमच चालू का ठेवू नयेत? हा प्रश्न माझ्या भाच्यालाही पडला. तो इंजिनिअरिंगला आहे. त्याच्याकडे दोन जुने ॲम्प होते. त्याने गिटारची वायर दोघांत वाटली, एक साफ ठेवला, एक फाटका. आणि मला फोन केला: ‘‘मामू, एकेक लावला तर भारी वाटतं. दोन्ही लावले की आवाज पातळच होतो, बास तर गायब!’’

कारण सरळ आहे. व्हॉल्व्हची प्रत्येक पायरी लाटेला उलटी करते. वरचं खाली, खालचं वर. साफ वाटेवर दोन पायऱ्या असतील आणि फाटक्या वाटेवर तीन, तर एकीची लाट वर जाते तेव्हा दुसरीची खाली. बेरीज केली की दोघी एकमेकींना खातात. फेंडरच्या रिव्हर्बवाल्या ॲम्पमध्ये नेमकं हेच आहे. त्यांच्या एका चॅनेलला एक पायरी जास्त असल्याने मार्शलची जंपरची युक्ती तिथं चालत नाही. भाच्याने एका ॲम्पच्या स्पीकरच्या दोन तारा उलटसुलट जोडल्या आणि बास परतला. मग दोन ॲम्पच्या अर्थिंगमुळे गुंगुं सुरू झाली. ती घालवायला मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेली पेटी लागते.

ते जमलं तरी प्रमाणाचा प्रश्न उरतो. एका पेडलने टाच दाबली तर सगळं साफ, पंजा दाबला तर सगळं फाटकं, असा प्रवास हवा असेल तर मध्यावर प्रत्येकाला किती द्यायचं? दोन आवाज अगदी सारखे असतील तर अर्धं-अर्धं पुरतं. एकमेकांशी संबंधच नसेल तर प्रत्येकी सुमारे ७० टक्के द्यावं लागतं, नाहीतर मधोमध आवाज खचतो. साफ आणि फाटका यांचं नातं या दोन्हींच्या मधलं आहे. सख्खे नाहीत, परकेही नाहीत, चुलत म्हणा. म्हणून त्यांचं प्रमाण कागदावर ठरत नाही, कानाने ठरवावं लागतं. त्यातही फाटका आवाज चपटा, सतत भरलेला. साफ आवाज टोकदार, छेडल्याबरोबर उसळून लगेच ओसरणारा. थोडासा फाटका आवाज पुष्कळ साफ आवाजाला झाकून टाकतो, तरी तारेवर नखी पडल्याचा पहिला ठोका साफच ऐकू येतो. नीट जमलेल्या मिश्रणात शब्द साफ वाट्याचे आणि दम फाटक्याचा.

हे बासवाल्यांना गिटारवाल्यांच्या आधी उमगलं. ‘द हू’च्या जॉन एन्टविसलने खालचे आणि वरचे स्वर वेगळ्या ॲम्पमध्ये पाठवले. ‘येस’च्या ख्रिस स्क्वायरने आपल्या रिकनबॅकर बासचा एक हिस्सा बासच्या ॲम्पला दिला आणि दुसरा गिटारच्या. पाया साफ आणि भक्कम, वरचे मजले गुरगुरणारे. खर्ज फाडला की इमारत हलते, एवढं साधं तत्त्व. बिली शीहानने तर आपल्या बासमधून दोन वेगळ्या वायरीच काढल्या.

गिटारवाल्यांसाठी हे काम पेटीच्या आत झालं. १९७९ च्या सुमारास जपानहून ‘आयबानेझ ट्यूब स्क्रीमर’ आला. त्याच्या सर्किटमध्ये फाटका आवाज मूळ आवाजाच्या जागी येत नाही, त्याच्यावर चढतो. मूळ लाट खालून वाहतच राहते. स्टीव्ही रे वॉनच्या ठसक्यात तिचा वाटा आहे. १९९४ मध्ये अमेरिकेत बिल फिनेगनने ‘क्लॉन सेन्टॉर’ बाजारात आणला. त्यात एका दांड्यावर दोन बटणं बसवलेली आहेत. दिसतं एकच. ते फिरवलं की एकाच वेळी फाटक्याची मात्रा वाढते आणि साफ आवाजाची वाट अरुंद होत जाते. वादकाला दोन गोष्टी सांभाळाव्या लागत नाहीत. मधल्या काळात बुजलेला उतार फिनेगनने पुन्हा खणून काढला, असं मी म्हणेन. सर्किट कुणी चोरू नये म्हणून त्यावर त्याने राळ ओतली. २००८ पर्यंत सुमारे आठ हजार नग बनले. आज जुना नग हजारो डॉलरला जातो. मला हा वेडेपणा वाटतो, कारण राळ खरवडून लोकांनी सर्किट कधीच बाहेर काढलं आहे आणि त्याच्या स्वस्त नकला कुठंही मिळतात.

आता संगणकावर चालणाऱ्या पेट्यांमध्ये दोन ॲम्प शेजारी ठेवून सरकपट्टीने मिसळता येतात. तिथं लाट उलटी होण्याची भीती कमी, पण उशिराची आहे. एक वाट दुसरीपेक्षा सेकंदाच्या हजाराव्या भागाने जरी मागे राहिली, तरी ५०० कंपनांचा स्वर पुसला जातो, मग १५०० चा, २५०० चा. कंगव्याचे दात मोडावेत तसा.

आणि नील यंगचा डीलक्स. त्याच्या ॲम्पला पायाचं बटण नाही, मास्टर व्हॉल्यूम नाही, साफ-फाटकी अशी चॅनेलं नाहीत. आत हात घालून जुना आवाज बिघडवायची त्याची तयारी नव्हती. म्हणून त्याच्यासाठी ‘व्हिझर’ नावाची एक पेटी बनवली गेली. ती ॲम्पच्या डोक्यावर बसते. तिच्यात मोटारी आहेत आणि मोटारींना पकडी. पायाने खूण केली की मोटार ॲम्पचं बटण पकडून ठरलेल्या आकड्यापर्यंत खरोखर फिरवते, माणसाने फिरवावं तसं. बटण फिरत असताना आवाज साफपासून फाटक्यापर्यंतच्या सगळ्या मुक्कामांवरून जातो. मैफल चालू असताना मंडपवाल्याने उठून मशिनचा कान पिळावा, तेच काम. फक्त मंडपवाला लोखंडाचा.